नाव एक, कागद चार : दांडेकर पुलाजवळच्या एका वस्तीतील घरकुल-साहाय्याचे प्रकरण

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागाने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात दांडेकर पुलाच्या परिसरातील एका वस्तीत जे काम केले, त्याची ही सविस्तर नोंद आहे. विभागाची कार्यक्रम अधिकारी म्हणून मी या कामात पहिल्या दिवसापासून होते. महाविद्यालयाचे, वस्तीचे आणि कुटुंबांचे नाव मी देत नाही, कारण ज्या बायकांच्या कागदपत्रांविषयी येथे लिहायचे आहे त्यांपैकी काहींची प्रकरणे अजून चालू आहेत आणि त्यांची ओळख उघड करण्याचा मला अधिकार नाही. काम परवडणाऱ्या घरांसंबंधी होते, तरी वर्षभरात आमच्या विद्यार्थ्यांनी एकही वीट उचलली नाही. त्यांनी कागद जुळवले, दाखले काढायला सोबत केली आणि एक वही तयार केली.

सुरुवात

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात राहावे, अशी तिची रचना आहे. बहुतेक ठिकाणी हे तास वृक्षारोपण, स्वच्छता, रक्तदान शिबिर आणि पथनाट्य यांत भरले जातात, आणि त्या कामांना मी कमी लेखत नाही. आमच्या मुलांनीही जुलैमध्ये वस्तीतील घरांच्या दर्शनी भिंती रंगवण्याचा प्रस्ताव आणला होता आणि रंगासाठी थोडीफार वर्गणीही जमवली होती. पाहणीसाठी आम्ही पहिल्यांदा वस्तीत गेलो, तेव्हा कालव्याकडच्या गल्लीतील एका मावशींनी आमचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी एका मुलीला विचारले, "भिंत रंगवून काय करू, बाळा? भिंत माझ्या नावावर होईल का, तेवढं विचारून दे."

त्या दिवशी आम्ही रंगाचा विषय बंद केला. काही दिवसांनी, १ ऑगस्ट २०२३ रोजी, पंतप्रधानांच्या पुणे दौऱ्यात प्रधानमंत्री आवास योजनेखाली पुणे महापालिकेने बांधलेली २६५० हून अधिक घरे लाभार्थ्यांना देण्याचा कार्यक्रम झाला. हडपसर, खराडी आणि वडगाव खुर्द येथील या घरांची बातमी वस्तीत पोचली, आणि आम्ही पुढच्या खेपेला गेलो तेव्हा प्रश्न ठरलेला होता : ती घरे कोणाला मिळाली, कशी मिळाली आणि आम्हाला का नाही? या तीनही प्रश्नांची नीट उत्तरे आमच्यापैकी कोणाजवळच नव्हती. विसेक स्वयंसेवकांच्या गटाने पुढचा महिनाभर केवळ नियम वाचण्यात घालवला. तो वेळ वाया गेला असे तेव्हा काहींना वाटले. माझ्या मते वर्षभरातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता.

वस्ती आणि तिची धास्ती

या परिसराचा अलीकडचा इतिहास समजून घेतल्याशिवाय तेथील माणसांचे वागणे कळत नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजव्या कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली आणि पाण्याचा लोंढा दांडेकर पुलाकडील वस्त्यांत घुसला. भरदिवसाची वेळ होती, बरीचशी मोठी माणसे कामावर होती. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते तोच, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबिल ओढ्याला पूर आला. २४ जून २०२१ रोजी ओढ्याकाठच्या घरांवर महापालिकेची पाडापाडीची कारवाई सुरू झाली, तिला रहिवाशांनी विरोध केला आणि त्याच दिवशी न्यायालयाकडून स्थगिती आली. म्हणजे चार वर्षांत पाणी दोनदा आले आणि यंत्रे एकदा. आमच्या वस्तीतील प्रत्येक घराला या सगळ्याची झळ पोचली असे नाही, पण ज्याच्या घरी झाले नाही त्याच्या बहिणीच्या किंवा दिराच्या घरी झाले होते.

त्यामुळे हातात फाइल आणि गळ्यात ओळखपत्र घालून आलेली मुले पाहिल्यावर दारे लागत. "सर्व्हे कशाला? कोणाची माणसं तुम्ही?" हा पहिला प्रश्न असे, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. आम्ही पहिले तीन आठवडे काहीही लिहून घेतले नाही. वस्तीतील बचत गटाच्या बैठकीला दोन विद्यार्थिनी नुसत्या जाऊन बसत. गटाच्या सचिव असलेल्या ताईंनीच एक दिवस त्यांना सांगितले की लिहायचे असेल तर आमच्यासमोर लिहा आणि लिहिलेले आमच्याकडे ठेवा. पुढे जे काही बरे घडले त्याचे मूळ या एका अटीत आहे.

पाण्याने नेलेल्या गोष्टींत भांडी, गाद्या, शिलाई यंत्रे यांची मोजदाद लोक करतात. कागदांची मोजदाद कोणी केली नव्हती. शिधापत्रिका, फोटोपास (झोपडीधारकाला मिळणारे छायाचित्र असलेले ओळखपत्र), जुनी वीजबिले, मुलांचे जन्मदाखले हे सगळे बहुतेक घरांत पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत असते, आणि पाणी सर्वांत आधी तेथेच पोचते. एका घरात अशी पेटी आमच्यासमोर उघडली गेली. तळाशी वाळून एकमेकांना चिकटलेल्या कागदांची एक वडी होती. वरचा कागद सोलून काढताना त्याची शाई खालच्यावर उमटलेली दिसत होती. गृहनिर्माणाची भाषा वास्तव्याच्या पुराव्याची असते, आणि या कुटुंबाचा पंचवीस वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा त्या वडीत होता.

तीन वाटा, तीन मोजमापे

वस्तीतील माणसासमोर घराच्या तीन वाटा असतात आणि त्या तिन्ही एकच आहेत असा समज सर्वत्र आढळतो. आमच्या विद्यार्थ्यांचाही तोच समज होता.

पहिली वाट झोपडपट्टी पुनर्वसनाची. तिचा पाया महाराष्ट्र झोपडपट्टी (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम, १९७१ हा आहे, आणि पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी २००५ पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे. येथे मोजणी झोपडीची होते. १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्या पात्र झोपडीधारकाला पुनर्वसनाचे घर मोफत मिळते, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांसाठी सशुल्क पुनर्वसनाची तरतूद नंतर झाली. एका झोपडीत आईवडील, दोन विवाहित मुलगे आणि त्यांची मुले राहत असली तरी झोपडी एक आणि म्हणून घरही एकच. शिवाय ही वाट अर्ज केल्याने उघडत नाही. त्यासाठी जागेवर योजना यावी लागते, विकसक यावा लागतो, रहिवाशांची संमती व्हावी लागते.

दुसरी वाट प्रधानमंत्री आवास योजनेची, जी शहरी भागासाठी २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. येथे मोजणी कुटुंबाची होते, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये होती आणि भारतात कोठेही कुटुंबाच्या नावे पक्के घर नसावे अशी अट होती. शासकीय किंवा खासगी संस्थांच्या भागीदारीतून बांधलेल्या घरासाठी केंद्राकडून दीड लाख आणि महाराष्ट्र शासनाकडून एक लाख असे अनुदान मिळे. बाकीची रक्कम लाभार्थ्याने उभी करायची. या योजनेची एक अट मला फार मोलाची वाटते : घर कुटुंबातील कर्त्या स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावे.

तिसरी वाट म्हाडाच्या, म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाच्या, सोडतीची. पुणे मंडळाचे कार्यालय आगरकर नगरात आहे, पण अर्ज आता ऑनलाइनच भरावा लागतो आणि २०२३ पासूनच्या नव्या प्रणालीत कागदपत्रांची छाननी सोडतीच्या आधीच होते. सोडतीत म्हाडाची स्वतःची घरे असतात आणि खासगी प्रकल्पांतील २० टक्क्यांची घरेही असतात. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प उभारताना त्यातील २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी द्यावी लागतात, हा नियम २०१३ चा आहे. पुणे महानगर क्षेत्रात म्हाडाची दुर्बल घटकासाठीची वार्षिक कौटुंबिक उत्पन्नमर्यादा मे २०२२ पासून सहा लाख रुपये आहे. म्हणजे आवास योजनेत तीन आणि म्हाडाच्या इतर घरांसाठी सहा. घराच्या मालकीची अटही वेगळी : म्हाडासाठी त्या शहराच्या हद्दीत घर नसावे, तर आवास योजनेसाठी देशात कोठेही नसावे. गावी वडिलोपार्जित घरात वाटा असलेल्या कितीतरी कुटुंबांचा निकाल या एका फरकावर लागतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये पुणे मंडळाने ५८६३ घरांच्या सोडतीची जाहिरात काढली. आम्हाला हाती धरण्यासारखे काही मिळाले ते तेव्हा. विद्यार्थ्यांनी तीन वाटांची माहिती एका मोठ्या कागदावर मांडली आणि ती समाजमंदिराच्या भिंतीला लावली. त्या कागदावर सर्वांत ठळक अक्षरांत एक वाक्य होते, जे म्हाडा आपल्या प्रत्येक सोडतीच्या वेळी सांगते : अर्जासाठी किंवा घर मिळवून देण्यासाठी कोणीही दलाल नेमलेला नाही. वस्तीतील काहींचे अशा माणसाला पैसे देऊन झाले होते.

बाईचे नाव

कागदपत्रे पाहायला सुरुवात केल्यावर दुसऱ्याच रविवारी एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा तोच आहे. पुरुषांचे कागद हरवलेले असत, पण जे हाती असत ते एकमेकांशी जुळत. बायकांचे कागद हाती असूनही जुळत नसत.

कारण आपल्या घरांतीलच आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिले जाते आणि मुलीचे नाव बदलते. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते, आडनाव बदलते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव राहते. शिधापत्रिकेवर सासऱ्यांनी सांगितलेले नाव चढते आणि त्याला 'बाई' जोडले जाते. आधारच्या वेळी केंद्रावरच्या मुलाने ऐकले तसे इंग्रजी स्पेलिंग पडते, आणि पॅनकार्ड काढून देणारा त्यातले एखादे अक्षर कमी करतो. जिने एकाच पत्त्यावर वीस वर्षे संसार केला, ती कागदांवर चार निरनिराळ्या बायका म्हणून उभी असते. एकीकडे योजना म्हणते की घर बाईच्या नावावर करा, आणि दुसरीकडे घरातील सर्वांत अस्थिर नाव बाईचेच असते. शासनाची अट योग्य आहे, आणि तिची पूर्तता करताना बाई का मागे पडते याची कल्पना अट लिहिणाऱ्याला नसावी.

हे काम विद्यार्थ्यांना उत्तम जमते, कारण त्यासाठी चिकाटी, वेळ आणि रांगेत उभे राहण्याची तयारी लागते. आमच्याकडे ठरलेला क्रम असा झाला की प्रत्येक बाईची चार कागदांवरची नावे एकाखाली एक लिहायची, पुढे कोणते नाव चालवायचे ते तिलाच विचारायचे, आणि मग बाकीचे कागद त्या नावाकडे वळवायचे. विचारण्याचा हा भाग एका विद्यार्थिनीच्या आग्रहाने आला. एका काकूंनी बराच वेळ विचार करून सांगितले की त्यांना माहेरचे पहिले नाव हवे आहे, कारण त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही. विवाह नोंदणीचा दाखला असला तर वाट सोपी होते. तो नसेल तर प्रतिज्ञापत्र, आणि नाव पुरते बदललेले असेल तर राजपत्रात प्रसिद्धी. आधारमधील दुरुस्ती आधी, पॅन नंतर, बँकेचे पासबुक त्यानंतर. हा क्रम चुकला की सगळे पुन्हा करावे लागते, हे आम्ही दोन-तीनदा चुकून शिकलो.

वास्तव्याचा पुरावा शोधण्यासाठी मुले कोठे कोठे गेली हे सांगितले पाहिजे. महापालिकेच्या शाळेतील जनरल रजिस्टरमध्ये मुलाच्या प्रवेशाच्या वेळचा पत्ता असतो, आणि शाळेने त्याचा उतारा दिला तर तो अधिवास प्रमाणपत्राच्या अर्जाला जोडता येतो. जुन्या मतदारयाद्या, महावितरणकडील जोडणीची तारीख, ससून रुग्णालयातील बाळंतपणाचे कागद यांतूनही काही कुटुंबांची वर्षे परत मिळाली. पत्र्याच्या पेटीत वडी झालेले ते पंचवीस वर्षांचे वास्तव्य धाकट्या मुलाच्या पहिलीच्या प्रवेशाच्या नोंदीत सापडले. शाळेच्या लिपिकांनी रजिस्टर पुढे केले, तेव्हा त्या घरच्या काकांनी स्वतःचे नाव बोटाने दोनदा वाचले.

आमच्या हातून झालेल्या चुका

पहिली चूक मोबाइल क्रमांकाची. म्हाडाच्या नोंदणीसाठी मोबाइल क्रमांक द्यावा लागतो आणि त्यावर ओटीपी येतो. पुष्कळ घरांत एकच फोन, तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे, आणि तो दिवसभर कामावर. रविवारच्या शिबिरात गर्दी होती, म्हणून दोन स्वयंसेवकांनी सरळ स्वतःचे क्रमांक घालून नोंदणी पूर्ण केली. त्या दिवशी आम्हाला ती तत्परता वाटली. दिवाळीच्या सुट्टीत दोघेही गावी गेले, एकाने सिमकार्ड बदलले, आणि कागदपत्रांतील त्रुटी दुरुस्त करण्यासाठीचे संदेश अशा फोनवर गेले ज्याचा त्या कुटुंबाशी काही संबंध नव्हता. एका कुटुंबाची मुदत त्यात निघून गेली. मी आणि तो विद्यार्थी त्यांच्या घरी जाऊन चूक आमची आहे हे सांगून आलो. त्या घरच्या मावशींनी चहा केला आणि एवढेच म्हणाल्या की पुढच्या वेळी माझ्या समोर टाका नंबर. त्या दिवसापासून नियम झाला की अर्जावर विद्यार्थ्याचा क्रमांक, ई-मेल किंवा पत्ता कोणत्याही कारणाने जाणार नाही. घरात फोन नसेल तर आधी फोनची सोय, मग अर्ज. आधारकार्डाचे फोटो विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये राहत होते, तेही त्याच आठवड्यात सर्वांसमोर पुसले.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. एका ताईंचा नवरा बारा-तेरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. घटस्फोट नाही, ठावठिकाणा नाही. अर्जात विवाहित म्हटले की पतीचे आधार, पॅन आणि उत्पन्न मागितले जाते. शिबिरातील मुलाने बराच वेळ खटपट केली आणि शेवटी 'अविवाहित' हा पर्याय निवडला, तेव्हा कोठे अर्ज पुढे सरकला. संध्याकाळी यादी तपासताना हे लक्षात आले. मुलाचा हेतू चांगला होता याविषयी मला शंका नाही. पण खोट्या माहितीवर लागलेले घर पुढे पडताळणीत रद्द होऊ शकते, आणि तेव्हा जाब विद्यार्थ्याला कोणी विचारणार नाही, त्या ताईंना विचारतील. आम्ही त्यांना सगळे समजावून सांगितले आणि अर्ज पैसे भरण्याआधीच सोडून दिला. त्या सोडतीत त्यांना भाग घेता आला नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, हे आमच्या गटातील विधी शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलीने वाचून ठेवले होते. ती ताईंना घेऊन शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेली. घरासाठी निघालेली वाट अशी न्यायालयातून जाईल असे आम्हाला वाटले नव्हते, पण परित्यक्तेच्या बाबतीत ती तेथूनच जाते.

वही

सोडत डिसेंबरात निघाली आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा जवळ आल्या. घराची फाइल वर्षानुवर्षे चालते, तर स्वयंसेवकाचे वर्ष जुलैत सुरू होऊन मार्चमध्ये संपते. ही विसंगती दूर करता येत नाही. काम विद्यार्थ्यांच्या स्मरणशक्तीवर आणि व्हॉट्सॲप गटांवर ठेवायचे की वस्तीत ठेवायचे, एवढेच आपल्या हाती असते.

पुण्यात यासाठी चांगले उदाहरण आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून २००९ च्या सुमारास येरवड्यातील वस्त्यांत जागच्या जागी घरे बांधण्याचे काम झाले, ज्यात सुमारे २७० चौरस फुटांचे घर, तीन लाखांच्या आसपासचा खर्च आणि त्यातील दहा टक्के वाटा कुटुंबाचा अशी रचना होती. तेथे महिला मिलन या वस्त्यांतील बायकांच्या संघटनेतल्या बायकांनी घरोघरची माहिती गोळा करण्यात, कुटुंबांशी बोलण्यात आणि कामाकडे लक्ष ठेवण्यात मोठा भाग घेतला. आपल्या वस्तीची मोजणी आपणच करायची ही त्या संघटनेची जुनी पद्धत आहे. शेल्टर असोसिएट्ससारख्या पुण्यातील संस्थेनेही घर-न्-घर नकाशावर आणण्याचे काम अनेक वर्षे केले आहे. बचत गटाच्या ताईंनी सुरुवातीला घातलेली अट, लिहिलेले आमच्याकडे ठेवा, ही याच परंपरेतील होती. ती आम्हाला उशिरा उमगली.

वही जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, आखीव. एका कुटुंबाला समोरासमोरची दोन पाने. डाव्या पानावर कर्त्या बाईचे ठरलेले नाव, कोणता कागद कोणत्या नावाने आहे, कोणता दुरुस्तीला गेला आहे, उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा आहे, फोन कोणाचा. उजव्या पानावर तारखा : कोण सोबत गेले, कोठे गेले, काय सांगितले गेले, पुन्हा केव्हा बोलावले. आधार क्रमांक वहीत लिहायचा नाही. वही सचिव ताईंच्या घरी, पोटमाळ्यावर, पुराचे पाणी पोचणार नाही अशा उंचीवर. लिहिण्याचे काम हळूहळू दहावी-बारावी झालेल्या वस्तीतल्याच दोन मुलींकडे गेले. एप्रिलमध्ये आमच्या जुन्या स्वयंसेवकांनी नव्यांना घेऊन प्रत्येक कुटुंबाकडे एकेक फेरी मारली आणि उजव्या पानावर दोघांची नावे लिहिली.

मुलांना यात आपण काही भव्य केल्याचे समाधान मिळाले नाही, हे मी प्रांजळपणे नोंदवते. अहवालात छायाचित्र लावण्यासारखे काही नव्हते. तहसील कार्यालयाबाहेर चार तास बसलेल्या मुलीला त्या चार तासांची नोंद कोणत्या उपक्रमाखाली करावी हा प्रश्न पडत असे. मी ते तास मान्य केले आणि पुढेही करीन.

एका घराचे काय झाले

आमच्या वस्तीतून गेलेल्या अर्जांपैकी एका कुटुंबाचे नाव सोडतीत लागले. झोपडी सासूबाईंच्या नावे, आणि त्या सदाशिव पेठ व नवी पेठेत चार घरी धुणीभांडी करतात. अर्ज विवाहित मुलाचा आणि सुनेचा होता, पहिले नाव सुनेचे. झोपडीच्या हिशेबात ही सगळी माणसे मिळून एक होती. कुटुंबाच्या हिशेबात मुलगा-सून वेगळे होते, आणि हा फरक आम्ही सप्टेंबरमध्ये भिंतीवरच्या कागदावर लिहिला होता म्हणूनच तो अर्ज होऊ शकला. सुनेच्या पॅनकार्डातले एक गळालेले अक्षर दुरुस्त व्हायला सात आठवडे लागले होते.

घर शहराच्या पूर्वेला होते. नाव लागल्याचा आनंद दोन दिवस टिकला, मग पैशांचे बोलणे सुरू झाले. घरासाठी पात्र ठरायला उत्पन्न मर्यादेच्या आत दाखवावे लागते, आणि कर्ज द्यायला बँक पगाराची पावती किंवा आयकर विवरण मागते. घरपोच वस्तू पोचवणाऱ्या मुलाकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या. त्याच्या खात्यावर दर आठवड्याला जमा होणारी रक्कम होती. वाणिज्य शाखेच्या दोन विद्यार्थ्यांनी वर्षभराच्या पासबुकातून महिनावार तक्ता केला, आणि तिसऱ्या ठिकाणी तो मान्य झाला. त्याच विद्यार्थ्यांनी आणखी एक तक्ता केला, जो मला कर्जाच्या तक्त्याहून महत्त्वाचा वाटतो. त्यात एका बाजूला हप्ता, देखभाल खर्च आणि बसभाडे होते, दुसऱ्या बाजूला सासूबाईंची चार कामे. सासूबाई तिकडे राहायला गेल्या तर सकाळी सहाच्या कामाला पोचणे अशक्य होते, आणि ती कामे गेली तर हप्ता भरणे जड होते.

तो तक्ता घरात मोठ्याने वाचून दाखवला गेला. निर्णय सांगण्याचा अधिकार आमचा नव्हता आणि आम्ही तो सांगितला नाही. तीन आठवड्यांनी सासूबाईंनीच सांगितले की मुलगा-सून-नातू तिकडे जातील आणि मी इथेच राहीन; झोपडी माझ्या नावे आहे, उद्या इथे योजना आली तर तीही बघायला कोणी हवे. सून हे ऐकताना खाली बघत होती. नंतर देकारपत्रावरचे (घर देऊ केल्याच्या म्हाडाच्या पत्रावरचे) स्वतःचे नाव तिने आमच्या विद्यार्थिनीला दाखवले आणि चारही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर पडताळून घेतले.

कालव्याकडच्या गल्लीतील मावशी, ज्यांनी भिंतीचा प्रश्न विचारला होता, त्यांचे अधिवास प्रमाणपत्र मार्चमध्ये आले. अर्ज अजून व्हायचा आहे. परित्यक्ता ताईंच्या प्रकरणात पतीला नोटीस बजावणे बाकी आहे. वहीच्या त्यांच्या उजव्या पानावर शेवटची ओळ वस्तीतल्याच मुलीच्या अक्षरात आहे : पुढची तारीख, सोबत कोण जाणार, आणि कंसात, लग्नपत्रिका सापडली, ती बरोबर न्यायची.